‘उणे २० अंशांवर साठविले’ : एका वाक्याची चिकित्सा

पेप्टाइडांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटते. पेप्टाइड अमुक पुरवठादाराकडून घेतले, त्याची शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक होती आणि वापर होईपर्यंत ते उणे २० अंश सेल्सिअसवर साठविले, असा त्याचा आशय असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय बदलत नाही. मार्गदर्शक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात, परीक्षक त्यावर क्वचितच प्रश्न विचारतात, आणि नामांकित नियतकालिकांतील निबंधांतही ते त्याच रूपात आढळते. वाङ्मयाचा टीकाकार एखाद्या रूढ संकेतापाशी थांबून तो काय सांगतो व काय झाकतो हे पाहतो. त्याच रीतीने या वाक्याकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचा आक्षेप थोडक्यात असा. हे वाक्य बहुधा खोटे नसते. परंतु ते एका स्थळाचे वर्णन करते, आणि वाचकाला हवा असतो तो एका पदार्थाचा इतिहास. पेप्टाइड कोठे होते हे त्यातून कळते. ते कोणत्या रूपात होते, किती पाण्याच्या संगतीत होते, किती वेळा बाहेर काढले गेले आणि प्रयोगाच्या दिवशी ते अद्याप तेच पेप्टाइड होते की नाही, यांपैकी काहीही कळत नाही. ही उणीव लेखनशैलीची मानून सोडून देता येत नाही. ‘सदर पेप्टाइड निष्क्रिय आढळले’ असा निष्कर्ष जेव्हा प्रबंधाच्या अखेरीस येतो, तेव्हा तो त्या रेणूविषयी आहे की कुपीत शिल्लक राहिलेल्या कशाविषयी तरी आहे, हे ठरविण्याचा दुसरा आधार वाचकापाशी नसतो. तीन-चार वर्षांचे श्रम या एका संदिग्धतेमुळे व्यर्थ ठरू शकतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, एखादा निर्दोष रेणू कायमचा बदनाम होऊ शकतो.

१. वाक्याचा उगम

हे वाक्य रूढ कसे झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एमिल फिशर यांनी फूर्नो यांच्यासह १९०१ साली ग्लायसिल-ग्लायसीन बनविले, आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिनचे संश्लेषण सिद्ध केले. १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक द्यू व्हिन्यो यांना मिळाले. या सबंध काळात पेप्टाइड ही दुर्मीळ, कष्टसाध्य वस्तू होती. ते ज्या प्रयोगशाळेत घडे, तिला त्याचा स्वभाव ठाऊक असे. कोणत्या आम्लतेत ते टिकते, कशाने बिघडते, हे ज्ञान बनविणाऱ्याच्या अनुभवातच सामावलेले असे.

रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली घनाधारावरील संश्लेषणाची पद्धत प्रसिद्ध केली (तिच्यासाठी १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले) आणि ही स्थिती हळूहळू पालटली. पेप्टाइड यंत्रावर बनू लागले, मागणीनुसार विकत मिळू लागले आणि टपालाने प्रयोगशाळेच्या दाराशी येऊ लागले. जीवशास्त्राला यामुळे जे लाभले त्याचे मोल मोठेच आहे. परंतु बनविणारा आणि वापरणारा यांची त्यात ताटातूट झाली, आणि पदार्थाच्या स्वभावाचे ज्ञान एका छापील पत्रकात आक्रसले. कोरडे ठेवा, थंड ठेवा, अंधारात ठेवा, लहान भाग करून ठेवा, वारंवार गोठवू व वितळवू नका: ही त्या पत्रकाची पंचसूत्री. यांतील प्रत्येक सूत्र योग्य आहे. पण प्रत्येक सूत्र हे एखाद्या युक्तिवादाचे शेवटचे वाक्य आहे, आणि युक्तिवाद मात्र गळून पडलेला आहे. कारण ठाऊक नसलेला नियम सोयीपुरता पाळला जातो. पाचांपैकी ‘थंड ठेवा’ हे पाळण्यास सर्वांत सोपे, म्हणून प्रबंधात तेवढेच उरते.

२. तापमानाने काय साधते

तापमानाचा अधिकार नाकारण्याचे कारण नाही. आर्हेनियस यांनी १८८९ साली मांडलेल्या संबंधानुसार तापमान उतरले की रासायनिक क्रियेचा वेग घातांकी प्रमाणात मंदावतो. दर १० अंशांस दोन ते तीन पट, हा जुना ठोकताळा धरला तर २५ अंशांवरून उणे २० अंशांवर येताना वेग सुमारे २० ते १४० पटींनी कमी होतो. कोरड्या भुकटीच्या बाबतीत रेणूंची हालचालही जवळजवळ थांबलेली असते. म्हणून गोठवून निर्वातात वाळविलेली भुकटी, बूच घट्ट असेल तर, उणे २० अंशांवर सामान्यतः दीर्घकाळ टिकते.

परंतु या हिशेबामागे एक गृहीतक आहे: क्रिया तीच राहते व तिचे माध्यमही तेच राहते. द्रावण गोठू लागले की हे गृहीतक कोसळते. पाणी बर्फ होऊन बाजूला होते; त्यात विरघळलेले सर्व काही उरलेल्या द्रवात दाटत जाते. साध्या मिठाचे उदाहरण घ्यावे. मीठ आणि पाणी यांचे मिश्रण पूर्णपणे घन होण्यासाठी तापमान उणे २१.१ अंशांपर्यंत उतरावे लागते. मीठ-बर्फाच्या जोरावर घरी पॉटमध्ये आइस्क्रीम केलेल्या पिढीला हे सूत्ररूपाने नसले तरी अनुभवाने माहीत आहे. ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात पेप्टाइड विरघळवून ते उणे २० अंशांवर ठेवले, तर डोळ्यांना ते गोठलेले दिसते. समतोलाचा विचार केला तर मात्र बर्फाच्या कणांमध्ये सुमारे २२ टक्के मिठाचे द्रव कप्पे शिल्लक असतात, आणि पेप्टाइड बर्फात न अडकता त्या कप्प्यांतच राहिले तर ते मूळच्या सुमारे पंचवीसपट दाट झालेले असते. ज्या पेप्टाइडाचा मूळ दोषच एकमेकांस चिकटण्याचा आहे, त्याला याहून प्रतिकूल निवासस्थान शोधूनही सापडणार नाही. उणे २० आणि उणे ८० यांतील फरक येथे केवळ अंशांचा नसून द्रव आणि घन या अवस्थांचा आहे.

सोडियम फॉस्फेटच्या बफरची गोष्ट अधिक बोलकी आहे. व्हॅन डेन बर्ग आणि रोझ यांनी १९५९ साली दाखविल्याप्रमाणे हा बफर गोठताना त्यातील डायसोडियम लवण आधी स्फटिकरूपाने वेगळे होते, आणि उरलेल्या द्रवाचा पीएच ७ च्या आसपासून ४ च्याही खाली घसरू शकतो. पोटॅशियम लवणांच्या बफरमध्ये अशी मोठी घसरण होत नाही. म्हणजे ‘पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये विरघळवून गोठविले’ असे लिहिणारा विद्यार्थी ज्या पीएचचा उल्लेख करतो, त्या पीएचला ते पेप्टाइड गोठण्याच्या वेळी होते याची खात्री त्याला देता येत नाही. यंत्राची बाजूही आहे. ज्या फ्रीझरमध्ये बर्फ आपोआप वितळविण्याची सोय असते, तो ठरावीक काळाने स्वतःला थोडा तापवून घेतो. दरवाजावरील आकडा उणे २० दाखवीत असतानाही कडेच्या कुपीने दररोज चढउतार सोसलेला असतो.

थंडी सर्वत्र हितकारकच असते, असेही नाही. औषधी इन्सुलिन शीतकपाटात ठेवावे पण गोठू देऊ नये, आणि एकदा गोठलेले वापरू नये, ही सूचना सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे गोठणे हाच बिघाड आहे. तेव्हा ‘जितके थंड तितके सुरक्षित’ हे विधान भुकटीपुरते बरेचसे खरे आणि द्रावणापुरते अर्धेच खरे आहे. आणि आपले वाक्य या दोहोंत भेद करीत नाही.

३. ‘शुद्धता ९५ टक्के’ या शब्दांचा अर्थ

वाक्याचा दुसरा भाग अधिक फसवा आहे. शुद्धतेचा आकडा बहुधा वर्णलेखनातून येतो: जंबुपार किरण शोषणाऱ्या घटकांच्या शिखरांपैकी इष्ट शिखराचे क्षेत्रफळ किती, याचे ते प्रमाण आहे. भुकटीतील पाणी व लवणाचा भाग या गणनेत येतच नाहीत. त्यामुळे ‘शुद्धता’ व ‘निव्वळ पेप्टाइडाचे प्रमाण’ या दोन निराळ्या राशी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढील प्रत्येक संहती चुकते.

अँजिओटेन्सिन-२ चे उदाहरण पाहू. आठ ॲमिनो आम्लांच्या या पेप्टाइडाचा रेणुभार सुमारे १०४६ आहे. त्यात तीन आम्लारिधर्मी स्थाने आहेत: अग्रभागीचा ॲमिनो गट, आर्जिनीन आणि हिस्टिडीन. शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल वापरलेले असल्यास या तिन्ही स्थानी त्या आम्लाचा एकेक रेणू लवणरूपाने बसतो. त्याचा रेणुभार ११४, तिघांचा ३४२. म्हणजे १३८८ भाग भुकटीत पेप्टाइड १०४६ भाग, अर्थात सुमारे ७५ टक्के. पाणी धरले तर त्याहूनही कमी. वर्णलेखनाने ९९ टक्के शुद्ध ठरलेली ही भुकटी एक मिलिग्रॅम तोलून घेणारा विद्यार्थी प्रत्यक्षात पाऊण मिलिग्रॅमच पेप्टाइड घेतो. ही तूट बिघाडाची नव्हे. पण तिची नोंद आरंभी केलेली नसेल, तर पुढे होणारा खरा बिघाड तिच्यापासून वेगळा काढता येत नाही.

शिवाय शुद्धतेचा आकडा हा विशिष्ट दिवसाचा असतो, आणि तो दिवस प्रयोगाचा नसतो. प्रत्येक पेप्टाइडाची नश्वरता त्याच्या अनुक्रमातच लिहिलेली असते. सिस्टीन असेल तर दोन रेणू गंधकाच्या बंधाने जोडले जातात, आणि आम्लारिधर्मी द्रावणात ही क्रिया वेगाने होते. मेथिओनीन असेल तर ते ऑक्सिजन घेते आणि रेणुभार १६ ने वाढतो. अग्रभागी ग्लुटामीन असेल तर अमोनिया निघून जाऊन साखळीचे टोक वलयाकार होते व रेणुभार १७ ने घटतो. ॲस्पराजीनच्या पाठोपाठ ग्लायसीन असेल तर सर्वांत अधिक सावधगिरी हवी. गायगर आणि क्लार्क यांनी १९८७ साली अशा जोडीच्या एका षट्‌पेप्टाइडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३७ अंश तापमानास व पीएच ७.४ ला त्याचे अर्धे रेणू दीड दिवसाच्या आत बदलत होते. ग्लायसीनच्या जागी ल्यूसीन घातल्यावर हीच क्रिया कित्येक पटींनी मंदावली.

या बदलात रेणुभार अवघ्या एका एककाने वाढतो. त्यातही बहुतांश भाग, साधारण तीनास एक या प्रमाणात, आयसोॲस्पार्टिक आम्लाच्या रूपाने येतो. म्हणजे साखळीच्या पाठकण्यात एक कार्बन जास्तीचा शिरतो व तिचा आकारच वाकतो. हे रूप आणि साधे ॲस्पार्टिक आम्ल यांचा रेणुभार तंतोतंत एकच असल्याने केवळ द्रव्यमान मोजून त्यांतील भेद कळत नाही. अशा वेळी ‘द्रव्यमान वर्णपटाने ओळख पटविली’ हे विधानही अपुरे ठरते. ‘पेप्टाइड’ हे सामान्यनाम येथे उपयोगाचे नाही. जसे ‘औषधी वनस्पती सावलीत वाळविली’ एवढे म्हणून वैद्याचे भागत नाही, कोणती वनस्पती हे आधी सांगावे लागते, तसेच हे आहे.

४. न सांगितलेले पाणी

रूढ वाक्यात पाण्याचा उल्लेखच नसतो. वास्तविक वर सांगितलेल्या बहुतेक क्रियांना पाणी लागते किंवा पाण्याने गती येते, आणि आपल्या प्रदेशात ते हवेतूनच मिळते. जुलै महिन्यात मुंबईची किंवा कोकणपट्टीची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे ही नित्याची बाब आहे. २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरल्यास दर घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी असते. म्हणजे दर मिलिलिटर हवेत २० मायक्रोग्रॅम. दोन मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम पेप्टाइड आहे असे समजा. बूच एकदा उघडून मिटले की आत शिरलेल्या हवेबरोबर ४० मायक्रोग्रॅम पाणी आत जाते: भुकटीच्या वजनाच्या चार टक्के. ही भुकटी आर्द्रताशोषक असल्याने त्यातील बरेचसे ती घेऊ शकते. पाच वेळा उघडल्यावर काय होईल, हे वाचकानेच ताडावे.

कुपी थंड असतानाच उघडली तर हा हिशेबही अपुरा पडतो. वरील स्थितीत दवबिंदू सुमारे २३ अंश येतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरणारच, आणि उणे २० अंशांवरून नुकतीच आलेली भुकटी त्याला अपवाद नाही. कोरड्या ऋतूतही सुटका नाही: मे महिन्यातील ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता घेतली तरी दवबिंदू १४ ते १५ अंशांच्या दरम्यान येतो. कुपी शुष्कपात्रात ठेवून, बूच न उघडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी, या सूचनेमागील कारण हे आहे. पेप्टाइडासाठी लिहिलेली बहुतेक पत्रके शीत व कोरड्या हवामानाच्या देशांत तयार झाली. तेथे हा अर्धा तास वगळला तर कदाचित निभावून जाईल, येथे निभावणार नाही. म्हणून ‘साठविले’ या क्रियापदापेक्षा ‘उघडले’ हे क्रियापद आपल्या प्रबंधांत अधिक महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच कोठे आढळत नाही.

द्रावणाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी अध्याहृत राहतात. पहिली विद्रावकाची. पाण्यात न विरघळणारी पेप्टाइडे डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळविण्याची प्रथा आहे. परंतु हे द्रव्य स्वतः सौम्य ऑक्सिडीकारक आहे आणि सिस्टीनचे बंध जुळविण्यासाठी ते मुद्दाम वापरले जाते. सिस्टीनयुक्त पेप्टाइड त्यात महिनोन्‌महिने ठेवणे म्हणजे रक्षणासाठी दिलेली वस्तू ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्याच्याच हवाली करणे होय. दुसरी गोष्ट भांड्याची. अतिविरल द्रावणातील पेप्टाइड, विशेषतः जलद्वेषी किंवा धनभारित असल्यास, काचेला व प्लास्टिकला चिकटते. येथे रेणू बिघडलेला नसतो, फक्त द्रावणातून निघून गेलेला असतो. प्रयोगावर परिणाम मात्र सारखाच होतो.

५. एका वाक्याची किंमत : ॲमिलॉइड-बीटा

आतापर्यंतचे विवेचन अतिसावधपणाचे आहे, असे कोणास वाटत असेल तर त्याने ॲमिलॉइड-बीटा या पेप्टाइडाचा इतिहास पाहावा. आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रोग्याच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले, त्या रोगात आढळणाऱ्या साक्यांचा हा मुख्य घटक. ग्लेनर आणि वाँग यांनी १९८४ साली तो वेगळा करून त्याची ओळख पटविली. पुढे तो संश्लेषणाने मिळू लागला आणि अनेक प्रयोगशाळांनी तो चेतापेशींवर घालून पाहिला.

यँक्नर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली तो चेतापेशींना विषारी असल्याचे प्रसिद्ध केले. इतरत्र मात्र निकाल एकसारखे येईनात. कोठे पेशी मरत, कोठे काहीच घडत नसे. पाइक, कॉटमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की ताजे द्रावण फारसे विषारी नसते; तेच द्रावण काही दिवस तसेच ठेवून ‘मुरविले’ की रेणू एकत्र येतात आणि विषारीपणा प्रकट होतो. १९९२ साली मे आणि सहकाऱ्यांनी त्याच पेप्टाइडाच्या वेगवेगळ्या खेपांची विषारिता वेगवेगळी असल्याचे नोंदविले. नाव एक, अनुक्रम एक, रेणुभार एक. वर्तन मात्र निराळे.

या प्रकरणातील बोध सूक्ष्म आहे. येथे पेप्टाइड रासायनिक अर्थाने बिघडलेले नव्हते. एकही बंध तुटला नव्हता; शुद्धतेचा आकडा व द्रव्यमान दोन्ही बरोबर आले असते. बदलली होती ती रेणूंची परस्परांशी असलेली जुळणी, आणि ती ठरत होती पूर्वेतिहासावरून: भुकटी वाळविताना तिच्यात पुंजक्यांची बीजे राहिली होती काय, कोणत्या द्रवात विरघळविली, किती वेळ, किती तापमानास, किती दाट. म्हणजे ज्या तपशिलांना ‘साहित्य आणि पद्धती’ प्रकरणात स्थान नव्हते, तेच निकाल ठरवीत होते.

यातून मार्ग निघाला तो तपशिलाला स्थान दिल्यावर. स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा इतिहास पायरीपायरीने नियंत्रित केला आहे. भुकटी प्रथम हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून तिची जुनी जुळणी मोडावयाची. विद्रावक उडवून लावून कोरडा पातळ थर उणे २० अंशांवर, शुष्क स्थितीत ठेवावयाचा. वापराच्या वेळी तो डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये घेऊन, थंड पोषक माध्यमात ४ अंशांवर २४ तास ठेवला तर लहान पुंजके मिळतात, आणि १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर २४ तास ठेवला तर लांब तंतू मिळतात. सिस्टीन नसलेल्या या पेप्टाइडाला येथे तो विद्रावक अल्पकाळापुरता चालतो, हेही लक्षात घ्यावे. या निबंधातही ‘उणे २०’ हा शब्द आहे. पण तो एका साखळीतील एक दुवा आहे, साखळीच्या जागी आलेला नाही. आमच्या मते चांगल्या पद्धतिलेखनाचा तो नमुना आहे, कारण त्यातील प्रत्येक अट काढून टाकली तर काय बिघडेल हे वाचकाला समजू शकते.

६. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप येऊ शकतात, आणि तिघांतही तथ्यांश आहे.

पहिला असा की बहुसंख्य लहान पेप्टाइडांना एवढा जपणुकीचा खटाटोप लागत नाही. संवेदनशील घटक नसलेली कोरडी भुकटी टपालाच्या प्रवासात काही दिवस साध्या तापमानाला राहूनही सुखरूप पोहोचते. हे मान्य केले पाहिजे. किंबहुना अनुक्रम न पाहता सर्व काही उणे ८० अंशांवर कोंबणारा विद्यार्थी आणि सर्व काही उणे २० अंशांवर ठेवणारा विद्यार्थी यांच्यात तत्त्वतः भेद नाही. दोघेही विचाराचे काम यंत्रावर सोपवितात. अनुक्रम वाचून ‘यास विशेष काळजी नको’ असा निर्णय घेणे हेही योग्य जतनच आहे. फक्त तो निर्णय लिहिला जावा.

दुसरा आक्षेप जागेचा. नियतकालिकांत पद्धतीसाठी जागा अपुरी असते, ही तक्रार जुनी आहे; तथापि आज पूरक मजकूर निराळा देण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, आणि प्रबंधाला तर पृष्ठमर्यादेची सबब मुळीच नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियंत्रक प्रयोग केलेला असल्यास पेप्टाइडाचा बिघाड आपोआप उघड होईल. परंतु होकारार्थी नियंत्रक म्हणून बहुधा दुसराच, सुपरिचित रेणू घेतलेला असतो. तो पेशी व उपकरणे ठीक असल्याची ग्वाही देतो. परीक्ष्य पेप्टाइड ठीक असल्याची देऊ शकत नाही, कारण दोघांचे अनुक्रम भिन्न आणि म्हणून दोघांचे वार्धक्यही भिन्न. परीक्ष्य पेप्टाइडाचा खरा साक्षीदार एकच: त्याच खेपेचा, पहिल्या दिवशी वेगळा काढलेला आणि न उघडलेला भाग.

७. त्या जागी काय असावे

टीकेने दोष दाखवून थांबू नये, हा संकेत पाळून एक नमुना सुचवितो. अँजिओटेन्सिन-२ वर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने असे लिहावे: ‘पेप्टाइड ट्रायफ्लुओरोॲसिटेट लवणाच्या रूपात मिळाले; निव्वळ प्रमाण ॲमिनो आम्ल विश्लेषणाने ठरविले व सर्व संहती त्यावरून काढल्या. कुपी शुष्कपात्रात खोलीच्या तापमानाला आणून एकदाच उघडली. सर्व भुकटी विरल ॲसेटिक आम्लात विरघळवून एका वेळेपुरते भाग केले आणि ते उणे ८० अंशांवर ठेवले. प्रत्येक भाग एकदाच वितळविला व उरलेला टाकून दिला. पहिल्या व शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी वर्णलेखन केले. मुख्य शिखराचे प्रमाण दोन्ही वेळी नोंदविले आहे.’ विद्रावक, तापमान व भाग यांची निवड पेप्टाइडागणिक बदलेल; पण प्रश्न बदलणार नाहीत. कोणते लवण, किती निव्वळ, कशात विरघळविले, किती वेळा उघडले, शेवटी काय उरले?

हा परिच्छेद रूढ वाक्यापेक्षा पाच-सहा ओळींनी मोठा आहे. त्यातील शेवटचे विधान सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यामुळे साठवण हा विश्वासाचा विषय न राहता मापनाचा विषय होतो. आपल्या विभागात वर्णलेखनाची सोय आहे आणि एका नमुन्यास एक तासही लागत नाही. ज्या प्रबंधाचा निष्कर्ष एखादे पेप्टाइड निष्क्रिय असल्याचा आहे, त्याला तरी या अखेरच्या नोंदीवाचून संमती देऊ नये, अशी सूचना मार्गदर्शक व परीक्षक यांच्यापुढे विचारार्थ ठेवतो. नकारार्थी निष्कर्ष हा होकारार्थी निष्कर्षाइतकाच मोलाचा असतो. परंतु तो ज्या पदार्थाविषयी आहे असे म्हटले जाते, तो पदार्थ त्या दिवशी कुपीत होता, एवढे तरी आधी सिद्ध झालेले असावे.